तारदोराची चाचणी आणि तपासणी

नंदुरबार जिल्ह्यात कोंडाईबारी किंवा तोरणमाळच्या घाटात रस्ता सोडून खाली गेलेले वाहन वर काढावयाचे, तर बहुधा ट्रकवर बसविलेल्या विंचचा व त्याच्या तारदोराचा आधार घ्यावा लागतो. अशा दोराविषयी 'टेस्ट केलेला आहे' असे सर्रास सांगितले जाते. या एका शब्दप्रयोगात दोन भिन्न कृती मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या करून दाखविणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

बारीक पोलादी तारांचा एक पेड, आणि असे बहुधा सहा पेड गाभ्याभोवती पिळून तारदोर होतो. 1834 साली जर्मनीतील हार्त्स पर्वताच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी असा दोर वापरात आणला. साखळीची एक कडी तुटली की सारेच तुटते. दोराची एक तार तुटली तर भार इतर तारा वाहतात. मात्र याच गुणामुळे दोराचा ऱ्हास बराच काळ लपून राहतो.

चाचणी म्हणजे ज्ञात भार लावून पाहणे. कारखान्यात दोराचा नमुना तुटेपर्यंत ताणतात. तुटण्याचा भार 10 टन निघाला व सुरक्षा-गुणक 5 धरला, तर कामाचा भार 2 टन ठरतो. परंतु तुटलेला नमुना ट्रकवर नसतो. तेथे असतो त्याचा भाऊबंद. विंचवर भार लावून घेतलेली चाचणीही त्या दिवसापुरतीच साक्ष देते.

तपासणी म्हणजे आज हाती असलेला दोर निरखणे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 ने कारखान्यांतील भार उचलणाऱ्या दोरांची बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी बंधनकारक केली होती. घाटात काम करणाऱ्याने ती प्रत्येक वापरापूर्वी करावी. दोर उलगडून, पुसून, तुटक्या तारा, गंज, चेपलेले भाग, घटलेला व्यास व हुकाजवळचे टोक पाहावे. मोटेचा नाडा चाकावर झिजे. तारदोरही कप्पीवर वारंवार वाकतो तेथे थकतो. 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' ही म्हण येथे उलटी लागू पडते. दोर शाबूत दिसतो, पण पीळ एकदा मोडला की ओढून सरळ केल्याने गेलेले बळ परत येत नाही. असा दोर बाद करावा.

विंचवर लिहिलेली ओढ ड्रमवरील पहिल्या थरापुरती असते. 10 सेंटिमीटर त्रिज्येवर ती 6 टन असेल, तर 15 सेंटिमीटरवर 4 टनच उरते. म्हणून दोर शक्य तितका उलगडावा. मात्र निर्मात्याने सांगितलेले किमान वेढे, सामान्यतः पाच, ड्रमवर राहू द्यावेत. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो. त्याच्या रेषेत किंवा वळणाच्या आतल्या बाजूस कोणीही उभे राहू नये.

शेवटी एक भाषिक बाब. मराठीत नकार क्रियापदानंतर येतो. 'ओढू नका' आणि 'ओढू या' यांतील भेद अखेरच्या शब्दात आहे, आणि इंजिनाच्या आवाजात नेमका तोच बुडण्याचा संभव. 'सोड' म्हणजे हळूहळू ढील देणे की एकदम मोकळे करणे, हेही संदिग्धच. मराठी, अहिराणी, भिली व गुजराती बोलणारे जेथे एकत्र राबतात, तेथे इशारा एकानेच, हाताने व आधी ठरवून द्यावा. 'थांबा' मात्र कोणीही म्हटले तरी थांबावे.

दोराच्या नोंदवहीतही 'चाचणी' व 'तपासणी' असे दोन स्वतंत्र रकाने असावेत. पहिला भरलेला आहे म्हणून दुसरा कोरा ठेवता येत नाही.