देवडीवरचा सर्व्हर

वाड्यात येणाऱ्याला आधी देवडी लागते. माजघर कुठे आहे, हे त्याला कळायचं कारण नसतं. रिव्हर्स प्रॉक्सीचं काम हेच. बाहेरची प्रत्येक विनंती तो दारात घेतो, आतल्या सर्व्हरकडे पोचवतो आणि उत्तर स्वतःच्या हातानं परत देतो.

या कामासाठी सर्रास वापरला जाणारा 'एंजिनएक्स' रशियन प्रोग्रामर इगोर सिसोयेव्ह यांनी २००२ मध्ये लिहायला घेतला आणि २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. एकाच वेळी दहा हजार जोडण्या सांभाळणं, हे तेव्हाचं आव्हान होतं.

मांडणी सुटसुटीत असते. ४४३ क्रमांकाचं पोर्ट जगासाठी उघडं. सुरक्षा प्रमाणपत्रही तिथेच. ॲप्लिकेशन त्याच मशीनवर असेल, तर ते १२७.०.०.१ या पत्त्यावर, समजा ८०८० पोर्टवर, बसतं. दोघांना जोडते 'प्रॉक्सी_पास' ही एक ओळ.

खाचखळगे मात्र ठरलेले. आतला सर्व्हर बंद असला, की पडद्यावर ५०२ हा त्रुटी-क्रमांक झळकतो. ६० सेकंद आतून काहीच आलं नाही तर ५०४. एक मेगाबाइटहून मोठी फाइल चढवली, की ४१३. या दोन्ही मर्यादा मूळ सेटिंगमधल्या. हव्या तशा बदलता येतात.

आणखी एक नेहमीची गफलत: आतल्या लॉगमध्ये प्रत्येक पाहुण्याचा पत्ता प्रॉक्सीचाच दिसतो. खरा हवा असेल तर 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हे हेडर पुढे पाठवावं लागतं.

बदल केल्यावर आधी 'एंजिनएक्स -टी' ही आज्ञा चालवा. लिहिण्यातली चूक ती ओळीच्या क्रमांकासह दाखवते. मगच रीलोड करा.