निवडुंग मायेनं मरतो

गडहिंग्लजात झड लागली की माझे निवडुंग आणि सक्युलंट आधी पत्र्याखाली जातात. ही झाडं तहानेनं क्वचितच मरतात. मरतात ती आपण रोज घातलेल्या पाण्यानं. बुडखा दाबून बघा, पिलपिलीत लागला तर मुळं कुजली समजा. गेल्या पावसाळ्यात जेडचं तेच झालं. स्वच्छ सुरीनं शेंडा छाटला, कापात तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत. चार-पाच दिवस सावलीत सुकवून कोरड्या वाळूत खोचला. जगला पठ्ठ्या!

काळी माती पाणी धरते, म्हणून निम्मी जाड वाळू नि विटांचा चुरा मिसळा. मनीप्लांट, मॉन्स्टेराला मात्र बोटभर माती सुकली की पाणी.

शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडीही सक्युलंटच, फक्त महाराष्ट्रात उगवणारी. ती दिसली तर फोटो काढा, उपटू नका.