विश्लेषण : गणिताच्या तासाला काय झाले, हे घरी का कळत नाही?

पाचवी आणि आठवीच्या मुलांना आता वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. राज्यात २०२३-२४ पासून हा नियम लागू झाला. नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते. तिथेही गुण कमी पडले तर त्याच वर्गात बसावे लागते. मुलाला भागाकार येत नाही, हे घरी निकालाच्या दिवशी कळले तर फार उशीर झालेला असतो. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या पुणे जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांत तर शाळा आणि घर यांच्यातला हा निरोप पोहोचणे आणखी अवघड आहे.

कायदा काय सांगतो?

पालकांना माहिती देणे ही शिक्षकांची मेहेरबानी नाही, कर्तव्य आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कामे दिली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती व अन्य आवश्यक माहिती त्यांना सांगणे हे त्यांपैकीच एक. याच कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. तरीही बहुतेक बैठकांत खोली, गणवेश, पोषण आहार यांवरच वेळ जातो. ‘या महिन्यात तिसरीच्या गणितात काय झाले?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रगतिपुस्तकातून कळत नाही का?

पुरेसे कळत नाही. राज्यात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के आणि संकलित म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला ३० टक्के भारांश ठेवला गेला. तिसरी-चौथीला हे प्रमाण ६०:४०, तर पाचवी-सहावीला ५०:५०. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, चाचणी आणि वर्गकार्य येते. म्हणजे लहान वर्गांत मोठा वाटा रोजच्या कामाचा. पालकांच्या हाती मात्र सत्राअखेरीस एक श्रेणी पडते. ‘ब-१’ पाहून मूल बेरजेत चांगले आहे आणि हातच्याच्या वजाबाकीत अडते, हे कुणाला कळणार? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रक सुचवले आहे ते त्यासाठीच. हे पत्रक शाळा आणि घर यांना जोडणारा दुवा ठरावे, त्यासोबत पालक-शिक्षक बैठका व्हाव्यात, अशी धोरणाची अपेक्षा आहे.

माहिती न पोहोचल्याने काय होते?

याचे मोठे उदाहरण २०१९ च्या जून महिन्यातले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी रीत आली. ‘एकवीस’ला ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’ला ‘साठ तीन’. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक आधी लिहिला जातो. त्यामुळे लहान मुले ६३ ऐवजी ३६ लिहितात. हा गोंधळ कमी करणे, हा त्यामागचा विचार होता. पुस्तकात जुनी नावेही होती. पण बहुतेक पालकांना हा बदल शाळेकडून कळलाच नाही. तो कळला बातम्यांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या विनोदांतून. प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना माध्यमांतून खुलासा करावा लागला. रीत बरोबर की चूक, हा वेगळा वाद. कारण आधी सांगितले असते तर चर्चा तरी मुद्द्यावर झाली असती.

असे छोटे वाद रोज घरात होतात. ४२ मधून १७ वजा करताना आजची मुले चार दशकांतला एक दशक सुटा करतात : १२ वजा ७ म्हणजे ५, उरलेल्या ३ दशकांतून १ गेला, २ राहिले, उत्तर २५. काही आजोबा वर १० मिळवून खालच्या १ चे २ करतात. उत्तर तेच, वाट वेगळी. पण घरी ‘असं नसतं’ म्हटले की मूल दोन्ही वाटा विसरते. २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला असून पुढच्या इयत्तांचीही पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. त्यामुळे असे प्रसंग वाढणार आहेत.

भोर-वेल्ह्यातली अडचण वेगळी कशी?

भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी या धरणांभोवती आणि राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी वाड्या विखुरलेल्या आहेत. अनेक शाळा कमी पटाच्या. एक-दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात, त्यामुळे प्रत्येक पालकाशी बोलायला वेळ अपुरा पडतो. अनेक घरांतला कर्ता पुरुष पुण्या-मुंबईत कामाला असतो. स्मार्टफोन त्याच्याजवळ आणि मूल आई-आजीजवळ. शाळा सुरू होते तेव्हाच भातलावणीची घाई असते. त्या दिवसांत दुपारची पालकसभा ठेवली तर कोण येणार? घाटमाथ्याकडे पावसाळ्यात रेंजही जाते. त्यात शाळा सेमी इंग्रजी असेल तर ‘सबट्रॅक्शन’ म्हणजे आपली वजाबाकीच, हे सांगणाराही घरी नसतो.

व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा नाही का?

करोनाकाळात राज्याने हा मार्ग वापरून पाहिला. २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज मोबाइलवर जाऊ लागली, पुढे व्हॉट्सॲपवर ‘स्वाध्याय’ आला. फोन असलेल्यांना उपयोग झाला, नसलेले मागे राहिले. आज फोन वाढले आहेत. पण लिंक पाठवणे म्हणजे कळवणे नव्हे.

आफ्रिकेतील बोट्सवानात २०२० मध्ये प्राथमिकच्या मुलांसाठी एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताचे फक्त एसएमएस गेले. काही घरांना एसएमएससोबत साधारण १५-२० मिनिटांचा फोनही गेला. फोन गेलेल्या घरांत मुलांचे गणित सुधारले, नुसत्या एसएमएसचा परिणाम दिसला नाही. म्हणजे निरोपाइतकेच दोन वाक्यांचे बोलणे महत्त्वाचे.

चांगला निरोप कसा असतो?

लहान, मराठीत आणि शक्यतो आवाजात. त्यात तीन गोष्टी पुरेत : या आठवड्यात काय शिकवले, कोणत्या रीतीने, आणि घरी मुलाला काय करून दाखवायला सांगायचे. उदाहरणार्थ, ‘तिसरीला हातच्याची वजाबाकी झाली. आम्ही दशक सुटा करून शिकवतो. काड्यांच्या जुड्या घेऊन ४२ वजा १७ करून दाखवायला सांगा. अडला तर उत्तर सांगू नका, मला कळवा.’ यात आईने शिकवायचे नाही, फक्त पाहायचे आहे. न शिकलेली आईसुद्धा हे करू शकते. मात्र कोणाला किती गुण पडले हे ग्रुपवर टाकू नये. ते ज्या त्या पालकालाच सांगावे.

फोन नसलेल्या घरासाठी हाच निरोप वहीच्या शेवटच्या पानावर किंवा शाळेच्या दारातल्या फळ्यावर चालतो. शाळापूर्व तयारी अभियानातून २०२२ पासून गावोगावी माता पालक गट झाले आहेत. या दोन तालुक्यांत महिला बचत गटही आहेत. ज्ञान प्रबोधिनीसारखी संस्था या भागात अनेक वर्षे बचत गटांचे काम करते. महिन्याच्या बैठकीत हप्ता-व्याजाचा हिशेब होतोच, त्यात दहा मिनिटे मुलांच्या गणिताला देता येतील.

विज्ञानाचे काय?

तिसरी ते पाचवीपर्यंत विज्ञान ‘परिसर अभ्यासा’त असते आणि इथला परिसर हीच मोठी प्रयोगशाळा. बी रुजण्याचा पाठ जूनमध्ये घेतला तर घरचा भाताचा तरवा पाहता येतो. मापनाच्या वेळी आजीची पायली आणि शेर काढता येतात; चार शेरांची पायली माहीत असलेल्या घरात लिटर-मिलिलिटर परके राहत नाही. पावकी-निमकी पाठ असलेले आजोबा अपूर्णांकांचे उत्तम सोबती. कोणता पाठ केव्हा आहे हे आधी कळले, तरच घराला असा हातभार लावता येतो.

पालकांनी काय विचारावे?

‘अभ्यास कसा आहे?’ या प्रश्नाला ‘बरा आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी नेमके विचारावे. त्यासाठी निपुण भारत अभियानाची मोजपट्टी हाताशी आहे : पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या व सोपी बेरीज-वजाबाकी, दुसरीअखेर ९९९ पर्यंत, तिसरीअखेर ९,९९९ पर्यंतच्या संख्या व सोपे गुणाकार. ‘माझे मूल यातले काय करते, कुठे अडते आणि त्यासाठी वर्गात काय चालले आहे?’ एवढे तीन प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारावेत. शाळांनीही बैठक लावणीच्या दिवसांत दुपारी न ठेवता संध्याकाळी वाडीवर घ्यावी. व्यवस्थापन समितीच्या विषयपत्रिकेत गणित-विज्ञानाचा एक विषय कायमचा ठेवायला वेगळा निधी लागत नाही. आणि हे दिवाळीपूर्वी सुरू झाले, तर पाचवीच्या मुलाला भागाकार शिकायला पूर्ण दुसरे सत्र मिळते.