लोकमान्यांचा आवाज



गणेशोत्सवात आपण लोकमान्य टिळकांच्या फोटोला हार घालतो. त्यांचे ‘केसरी’तील अग्रलेख आजही वाचता येतात. पण त्यांचा आवाज कसा होता? बहुतेकांच्या कानात सिनेमातल्या नटाचाच आवाज असतो.

२०१२ साली पुण्यात एक जुने ध्वनिमुद्रण लोकांपुढे आले. ते सप्टेंबर १९१५ मधील केसरीवाड्याच्या गणेशोत्सवातले असून कराचीचे संगीतप्रेमी व्यापारी शेठ लखमीचंद नारंग यांनी ते करविले, असे सांगण्यात आले. भास्करबुवा बखले यांचे गायन होते. श्रोत्यांत गडबड सुरू होती, म्हणून लोकमान्य सर्वांना शांत बसून गाणे ऐकण्यास बजावतात. एवढेच! त्यात स्वराज्याचे भाषण नाही. मंडालेच्या तुरुंगातून सुटून त्यांना तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. (रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलांना गप्प करणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकून विशेष आनंद होतो.)

हा आवाज खरोखर त्यांचाच कशावरून, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे. त्या काळी ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून बोलावे किंवा गावे लागे. त्या आवाजाने एक पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच पाडी. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ नंतर रूढ झाले. म्हणून भरलेल्या सभेत, दूर उभ्या माणसाचा आवाज पकडला जाणे कठीण. आवाज कर्ण्याजवळचा असला पाहिजे. त्यामुळे मला वाटते की शंका ठेवूनच ते ऐकावे, पण ऐकावे जरूर. गांधीजींचे असे नाही. १९३१ साली लंडनमध्ये कोलंबिया कंपनीने त्यांचे इंग्रजी भाषण मुद्दाम मुद्रित केले, त्याविषयी वाद नाही. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले, तेव्हा ती सोय आली नव्हती.

आपल्या घरांत मात्र कॅसेटची सोय होती. १९४८ चा हैदराबाद मुक्तिसंग्राम पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. कित्येक आजोबा-आजींच्या आठवणी, कीर्तने, मुंजीतली भाषणे कपाटात पडून असतील. त्यांतली ती उर्दूमिश्रित हैदराबादी मराठी पुस्तकांत सापडायची नाही. फितीला बुरशी धरते, ती चिकटते आणि तुटते. अशी कॅसेट असल्यास जुन्या टेपमध्ये घाईने लावून पाहू नका. आधी जाणकाराकडून साफ करवून घ्या, संगणकावर उतरवा आणि वर नाव, गाव, वर्ष अवश्य लिहा. कोण बोलत आहे हे सांगणारे घरात अजून कोणी आहे, तोवरच हे काम होईल.