मोटारीतील थंडावा का नाहीसा होतो?

२९ मे २०२४ रोजी दिल्लीतील सफदरजंग येथे ४६.८ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. अशा उन्हात मोटारीतील वातानुकूलन बिघडल्यास प्रथम कारण शोधावे. वाऱ्याचा झोतच मंद असेल, तर आतील गाळणी बहुधा धुळीने भरलेली असते. झोत जोरकस असून मोटार चौकात थांबताच तो गरम होत असेल, तर पुढील संघनकाचा पंखा बंद पडला असावा. धावत्या मोटारीत ही उणीव समोरचा वारा भरून काढतो. थंडावा दिवसेंदिवस घटत असेल, तर प्रशीतक वायू गळत असण्याचा संभव असतो. गळती न बुजविता वायू पुनःपुन्हा भरणे इष्ट नव्हे. अनेक मोटारींत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने तितक्याच वजनाच्या कार्बन डायॉक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता वातावरणात कोंडतो. आपल्या घटकाभर गारव्यापायी पुढील पिढीचे ऊन वाढू नये.