बोर्ड कुठलंही असो, अभ्यास आपला!

रविवारची संध्याकाळ. पिंपळे गुरवचं डायनासोर गार्डन हाऊसफुल्ल! ताई-जिजूंची गाडी मात्र एकाच टेन्शनवर अडकलेली. चौथीतल्या लेकीला पुढे कुठल्या बोर्डात टाकायचं? स्टेट, सीबीएसई की चक्क कर्ज काढून आयबी?

तेवढ्यात भाची धावत आली. "मावशी, डायनासोर आपल्या महाराष्ट्रात खरंच राहायचे?"

"सिलॅबसमध्ये आहे का ते? मग नंतर बघू," इति जिजू.

मी हसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. चांगल्या प्रश्नाला मार्क नसतील, तर त्याला वेळ कोण देणार?

हा घोळ फक्त आपला नाही बरं का. अमेरिकेत १९५०च्या दशकापासून 'एपी' म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे कोर्स आहेत. शाळेतच कॉलेजच्या तोडीचा अभ्यास, शेवटी देशभर एकच परीक्षा आणि १ ते ५ पैकी गुण. पण २०१८ साली वॉशिंग्टन परिसरातल्या आठ नामांकित खासगी शाळांनी सांगून टाकलं की २०२२पर्यंत आम्ही एपी बंद करणार, वरच्या पातळीचे कोर्स आमचे आम्ही बनवणार. ओबामांच्या लेकी जिथे शिकल्या, ती सिडवेल फ्रेंड्स त्यातलीच एक. एका परीक्षेसाठी धावताना विषयात खोल उतरायचंच राहून जातं, हा त्यांचा मुद्दा.

पण बॉस, पुण्यात हा फंडा जुना आहे! मानसशास्त्रज्ञ डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, तेव्हा ती शाळा नव्हतीच. वेगवेगळ्या शाळांतल्या हुशार मुलांसाठी तो शाळेबाहेरचा जादा अभ्यास होता. सदाशिव पेठेतली प्रशाला आली १९६९ साली. आज ती सीबीएसईची शाळा आहे. म्हणजे दहावीचा पेपर सगळ्यांसारखाच, पण त्याच्या जोडीला मुलांनी स्वतः करायचे प्रकल्प आणि प्रबोधिनीने स्वतः आखलेले उपक्रम. आपल्या भागात, निगडीतही प्रबोधिनीचं नवनगर विद्यालय आहे.

आता मेख. सदाशिव पेठेतल्या प्रशालेत पाचवीला प्रवेश मिळतो तो चाचणी देऊन. मग बाकीच्या मुलांनी काय करायचं?

त्याचं एक उत्तर शिरूर तालुक्यातल्या पाबळला सापडतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. त्यांनी तिथे १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, वीज, शेती, आरोग्य... सगळं हाताने करत शिकायचा 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा कोर्स तिथेच घडला. पुढे राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली आणि तो गावोगावच्या साध्या हायस्कुलांत पोचला. इथे निवड चाचणीची भानगड नाही.

स्वतःच्या कोर्सला एक धोका असतोच. बाहेर त्याला किंमत कोण देणार? त्या आठ शाळांनीही मुलांना एपीची परीक्षा देण्याची वाट मोकळीच ठेवली. प्रबोधिनीने बोर्ड सोडलं नाही, पाबळने बोर्डाला आपल्याकडे वळवलं. बोर्डाशी भांडून कुणाचंच भागत नाही.

म्हणून ताईला म्हटलं, "अगं, अ‍ॅडमिशनला गेलीस की नुसतं 'बोर्ड कुठलं?' विचारू नकोस. पुस्तकाबाहेरचं काय शिकवता, ते कोण ठरवतं आणि त्याला आठवड्यात किती तास देता, तेही विचार." उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ब्रोशर कितीही चकाचक असू दे, काय समजायचं ते समजा!

आणि भाचीचा प्रश्न? तिला सांगितलं, हो, राहायचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला त्यांचे जीवाश्म सापडलेत. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, डायनासोर संपले त्याच सुमाराचा.

ती लगेच खाली बसून दगड शोधू लागली. जिजूसुद्धा वाकले. निघायला उशीर झाला, पण त्या दिवशी कुणीच घड्याळ बघितलं नाही.