एमआरआयमधले पांढरे ठिपके

परवा कमलाभवानीच्या दर्शनाला करमाळ्यात आलो होतो. शेजारच्या काकूंनी एमआरआयची फिल्म पुढे केली. "बाळा, हे पांढरे ठिपके कसले रे?"

मी एमआरआय टेक्निशियन. निदान डॉक्टरच करतात. पण एवढं सांगता येतं: मेंदूच्या आतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात ते झिजतं, संदेश रखडतात आणि तिथे पांढरे ठिपके दिसतात. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला तरी असे ठिपके दिसतात.

फिल्मवर इजा दिसते, मेंदूचं काम नाही. त्यासाठी फंक्शनल एमआरआय. रक्तातल्या ऑक्सिजनप्रमाणे सिग्नल बदलतो, हे शास्त्रज्ञ सेइजी ओगावांनी १९९० मध्ये दाखवलं.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला या यंत्रात नुसती बोटं हलवायला सांगतात. तेवढ्यासाठीही अनेकदा मेंदूचे जास्त भाग, दुसऱ्या बाजूचेसुद्धा, कामाला लागलेले दिसतात. हात नीट चालतो, पण आत केवढी धावपळ!